जाती की जागा? कॅलिफोर्नियाचे सँड डॉलर आणि 1956 सालचा एक प्रश्न

"विषय ठरलाय, पण त्यातला प्रश्न काही सापडत नाही." पेटची तयारी करणारे आणि संशोधन-प्रस्ताव लिहायला बसलेले जवळपास सगळेच हे म्हणतात. त्यावर उपदेश करण्यापेक्षा विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. त्यात एक चपटा समुद्री प्राणी आहे, त्याचे लाखो वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत, तेलाच्या विहिरी आहेत आणि विशीतला एक पीएचडीचा विद्यार्थी आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या एका अडचणीतून संशोधनाचा प्रश्न कसा तयार झाला, हे या गोष्टीत नीट दिसतं.

शब्दांचा गोंधळ नको म्हणून आधीच सांगते. या लेखात 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. मराठी विश्वकोश हेच अर्थ वापरतो. बोलताना आपण स्पीशीजलाच प्रजाती म्हणतो, पण इथे तो फरक महत्त्वाचा आहे.

आधी प्राण्याची ओळख

सँड डॉलर हा सी अर्चिनचा, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचा, चपटा नातेवाईक. दोघंही कंटकचर्मी संघातले. किनाऱ्यावर आपल्याला सापडते ती पांढरी चकती म्हणजे मेलेल्या प्राण्याचं उन्हात विरंजित झालेलं कवच. ते चांदीच्या नाण्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव पडलं. जिवंत प्राणी जांभळट किंवा गडद रंगाचा असतो आणि त्याच्या अंगावर मखमलीसारखे बारीक, हलणारे काटे असतात.

कवच कॅल्साइटच्या अनेक तुकड्यांचं बनलेलं असतं. वरच्या बाजूला पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं दिसतं. ती नुसती नक्षी नाही. त्या पाकळ्यांमधल्या छिद्रांतून बारीक नालपाद बाहेर येतात आणि प्राणी त्यांच्या मदतीने श्वास घेतो. तोंड खालच्या बाजूला, साधारण मधोमध असतं.

आपल्या गोष्टीतला सँड डॉलर उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा आहे. त्याचं शास्त्रीय नाव डेंड्रास्टर एक्सेंट्रिकस. अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत तो सापडतो. इतर बऱ्याच सँड डॉलरमध्ये पाच पाकळ्या जिथे एकत्र येतात तो शिखरबिंदू कवचाच्या साधारण मध्यावर असतो. डेंड्रास्टरमध्ये मात्र तो मागच्या कडेकडे सरकलेला असतो. फूल चकतीच्या मधोमध न काढता एका बाजूला काढावं, तसं. या सरकण्याला आपण उत्केंद्रता म्हणू. पुढची सगळी गोष्ट या एका मापाभोवती फिरते.

माप घेणं अगदी सोपं आहे. कवचाची पुढून मागे लांबी मोजायची, शिखरबिंदू मागच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजायचं आणि दोन्हींचं प्रमाण काढायचं. समजा, लांबी 80 मिमी आहे आणि शिखरबिंदू मागच्या कडेपासून 40 मिमीवर आहे, तर तो बरोबर मध्यावर आला. तोच 28 मिमीवर असेल, तर चांगलाच मागे सरकलेला. एक कॅलिपर आणि एक वही असली की काम सुरू.

नावातच खूण

या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन योहान फ्रीड्रिख एशशोल्झ यांच्या नावावर आहे. ते डोर्पाटचे, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूचे. पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने निसर्गशास्त्रज्ञ. रशियन कप्तान कोट्झेब्यू यांच्याबरोबर ते दोनदा जगप्रवासाला गेले. दुसरी सफर 1823 ते 1826 या काळात झाली आणि त्यात जहाज 1824 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात थांबलं होतं. कॅलिफोर्नियाच्या प्रसिद्ध नारिंगी पॉपीच्या फुलाला एशशोल्झिया हे नाव मिळालं ते याच माणसावरून. सफरीतल्या प्राण्यांची वर्णनं त्यांनी सचित्र ग्रंथमालेत छापली. त्यात 1831 साली आपला सँड डॉलर 'स्कुटेला एक्सेंट्रिका' या नावाने आला.

म्हणजे सगळ्यात ठळक वैशिष्ट्य कोणतं, तर मध्यापासून सरकलेलं फूल. तेच नावात आलं. पुढे 1847 साली लुई अगासी यांनी याच्यासाठी डेंड्रास्टर ही वेगळी प्रजाती केली. अगासींनी त्याआधी 1841 साली सँड डॉलरांच्या गटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. नंतर ते अमेरिकेत गेले आणि 1859 साली हार्वर्डमध्ये तुलनात्मक प्राणिशास्त्राचं संग्रहालय उभं केलं. हार्वर्ड लक्षात ठेवा, पुढे तिथे परत जायचं आहे.

त्या काळात वर्गीकरणाची पद्धत कशी होती? एक चांगला नमुना निवडायचा, त्याचं बारकाईने वर्णन करायचं, तो संग्रहालयात जपून ठेवायचा आणि त्याला नाव द्यायचं. पुढचा नमुना त्याच्याशी जुळला तर तीच जाती, ठळक फरक दिसला तर नवी. जगभरातून नवनवे प्राणी पेट्या भरभरून येत होते, तेव्हा ही पद्धत कामाची होती. प्रश्न एवढाच, की 'ठळक फरक' म्हणजे किती? एकाच जातीतले प्राणी आपापसांत किती वेगळे असू शकतात, हे माहीत असल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

टेकड्यांमधले सँड डॉलर आणि तेल

आता किनारा सोडून थोडं आत, डोंगरांकडे जाऊ. कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांमध्ये सँड डॉलरांचे जीवाश्म भरपूर सापडतात. कवच टणक असतं आणि प्राणी आधीच वाळूत राहणारा, त्यामुळे तो गाडला जाऊन टिकण्याची शक्यता जास्त. काही थरांमध्ये तर एकावर एक चकत्या रचून ठेवल्यासारखे ते दिसतात.

कॅलिफोर्निया राज्याने 1860 साली जोसाया व्हिटनी यांच्या नेतृत्वाखाली भूशास्त्रीय सर्वेक्षण सुरू केलं. त्याच सुमारास, 1863 साली, ऑगस्त रेमाँ यांनी काँट्रा कोस्टा भागातल्या जीवाश्मांची वर्णनं छापली. त्यातल्या एका सँड डॉलरला त्यांनी व्हिटनींचं नाव दिलं. 1899 साली जॉन मेरियम यांनी मध्य कॅलिफोर्नियातल्या टर्शरी काळातल्या सी अर्चिनांवर लेख लिहिला. हे तेच मेरियम, जे पुढे लॉस एंजेलिसच्या रांचो ला ब्रेआ डांबरकुंडांतल्या प्राण्यांच्या हाडांमुळे प्रसिद्ध झाले. 1909 साली राल्फ अर्नोल्ड यांनी कोअलिंगा भागातल्या जीवाश्मांवर अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणासाठी पुस्तिका लिहिली. 1920 साली विल्यम क्यू यांनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जीवाश्म सी अर्चिनांचा मोठा आढावा घेतला. 1938 साली ग्रँट आणि हर्टलाइन यांचा आणखी एक मोठा ग्रंथ आला. यातले ग्रँट म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचे नातू.

एवढी माणसं सँड डॉलरांच्या मागे का लागली? कुतूहल तर होतंच, पण एक व्यवहारी कारणही होतं. कोअलिंगा हे तेलक्षेत्र. क्यू यांनीही 1920 च्या आढाव्यानंतर चारच वर्षांनी लॉस एंजेलिस आणि व्हेंचुरा भागातल्या तेलसाठ्यांवर अहवाल लिहिला. आणि 1928 साली सॅन वाकिन खोऱ्याच्या पश्चिमेकडच्या केटलमन हिल्समध्ये मोठा तेलसाठा लागला.

तेल शोधताना एक गोष्ट कळावी लागते. या टेकडीतला थर आणि दहा किलोमीटरवरच्या त्या टेकडीतला थर एकाच काळातले आहेत का? खडकांवर तारीख लिहिलेली नसते. तेव्हा भूशास्त्रज्ञ सूचक जीवाश्म वापरतात. म्हणजे अशी जाती, जी थोडाच काळ टिकली, पण मोठ्या प्रदेशात पसरली. ती दोन्हीकडे सापडली, की दोन्ही थर साधारण एका काळातले. विहीर खणताना गिरमिटाखाली सँड डॉलरचा चुरा होतो, म्हणून तिथे फोरॅमिनिफेरासारखे सूक्ष्म जीवाश्म उपयोगी पडतात. पण जमिनीवर उघडे पडलेले थर नकाशावर मांडताना हातात मावणारा, चटकन ओळखता येणारा सँड डॉलर फार सोयीचा होता.

वुडरिंग, स्टुअर्ट आणि रिचर्ड्स यांनी केटलमन हिल्सचा तपशीलवार अभ्यास केला आणि त्यांचा ग्रंथ 1940 सालच्या क्रमांकाने सर्वेक्षणाने छापला. त्यात थरांना विभाग पाडून त्यातले जीवाश्म नोंदवले आहेत. ही टेकडी आज कोरड्या खोऱ्यात, समुद्रापासून बरीच आत आहे. पण प्लायोसीन काळात, म्हणजे साधारण 53 लाख ते 26 लाख वर्षांपूर्वी, तिथे समुद्राचा एक फाटा आत शिरलेला होता. म्हणून तिथल्या थरांमध्ये कधी खाऱ्या, कधी मचूळ, तर कधी गोड्या पाण्यातले जीव सापडतात. डेंड्रास्टरही भरपूर.

जीवाश्म सँड डॉलरांना नावं देताना जे गुण बघितले जात, त्यांत कवचाची उंची, कडेचा आकार, पाकळ्यांची लांबी हे होते, आणि अर्थातच उत्केंद्रता होती. एकाचा शिखरबिंदू थोडा मागे, दुसऱ्याचा बराच मागे, मग जाती वेगळ्या. नावं वाढत गेली.

इथे थांबून जरा विचार करा. समजा, उत्केंद्रता जातीवर अवलंबून नसून राहण्याच्या जागेवर अवलंबून असेल तर? शांत खाडीतला प्राणी एका आकाराचा आणि लाटांच्या माऱ्यातला दुसऱ्या आकाराचा, पण दोघंही एकाच जातीचे. मग दोन टेकड्यांमध्ये एकसारखे सँड डॉलर सापडले, तर 'एकच काळ' हा निष्कर्ष निघत नाही. फक्त 'एकसारखी जागा' एवढंच कळतं. आणि एकसारखी जागा लाखो वर्षांच्या अंतराने पुन्हा तयार होऊ शकते. उलट एकाच दिवशी, एकाच समुद्रात, चार मैलांवर राहणारे दोन भाऊबंद आपल्या यादीत दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदले जातील. नाव देण्यातली ही चूक पुढे थरांच्या वयापर्यंत आणि वयावरून काढलेल्या नकाशापर्यंत पोचू शकते.

1956: उलटीकडून सुरुवात

डेव्हिड रॉप यांचा जन्म 1933 चा. पन्नाशीच्या दशकात ते हार्वर्डमध्ये पीएचडी करत होते. 1956 साली 'जर्नल ऑफ पॅलिऑन्टॉलॉजी'मध्ये त्यांचा एक लेख आला. विषय डेंड्रास्टर, आणि शीर्षकातच तो सी अर्चिनांच्या वर्गीकरणातला 'प्रॉब्लेम' असल्याचं म्हटलं होतं.

रॉप यांनी काय केलं, तर जीवाश्मांच्या आधी जिवंत प्राण्याकडे वळले. किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या ठिकाणचे आजचे डेंड्रास्टर घेतले आणि मोजले. एक सुबक नमुना न घेता प्रत्येक ठिकाणचा समूह घेतला. दिसलं असं, की उत्केंद्रता ठिकाणानुसार बदलते आणि हा बदल प्राणी कशा परिसरात राहतो याच्याशी जोडलेला आहे. म्हणजे एकाच जिवंत जातीच्या पोटात एवढी विविधता आहे, तर तेवढ्याच फरकावर जीवाश्मांच्या वेगळ्या जाती करणं धोक्याचं. उत्केंद्रता एकटी जाती ठरवू शकत नाही.

यात नवं उपकरण नाही की नवा सिद्धांत नाही. मग हे आधी कोणी का केलं नाही? माझ्या मते त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे कामाची वाटणी. जिवंत प्राणी प्राणिशास्त्रज्ञांकडे, मेलेले भूशास्त्रज्ञांकडे. दोघांची कपाटं वेगळी, नियतकालिकं वेगळी. दुसरं कारण म्हणजे जाती या कल्पनेकडे बघण्याची दृष्टी तेव्हा बदलत होती. अर्न्स्ट मायर यांनी 1942 सालच्या पुस्तकात जाती म्हणजे आपापसांत फरक असलेल्या जिवांचा समूह, ही मांडणी ठामपणे केली होती. सिम्पसन आणि रो यांनी 1939 सालीच प्राणिशास्त्रात संख्याशास्त्र कसं वापरावं यावर पुस्तक लिहिलं होतं. मायर 1953 साली हार्वर्डमध्ये आले, अगासींनी उभारलेल्या त्याच संग्रहालयात. 'एक आदर्श नमुना' ही पद्धत जाऊन 'पूर्ण समूह मोजा' ही पद्धत येत होती. रॉप यांचा लेख त्या हवेत लिहिलेला आहे.

पण एक नीट समजून घ्या. या लेखाने जीवाश्म डेंड्रास्टरच्या सगळ्या जाती खोट्या ठरल्या असं नाही. एका वर्षाआधी, 1955 साली, बर्कलीच्या वायट डरहॅम यांनी सँड डॉलर आणि त्यांच्या जवळच्या गटांचं सविस्तर वर्गीकरण मांडलं होतं, आणि कवचाच्या रचनेतले अनेक गुण एकत्र बघून केलेली अशी कामं पुढेही उपयोगी राहिली. कोसळलं ते एवढंच, की एका ठळक गुणाकडे बोट दाखवून नाव देऊन मोकळं व्हायचं.

पाण्याखाली उत्तर

जागेनुसार आकार बदलतो हे दिसलं, पण का बदलतो? किनाऱ्यावर उभं राहून याचं उत्तर मिळणार नव्हतं. पाणबुडे खाली गेले तेव्हा चित्र स्पष्ट होत गेलं. 1970 साली मेरिल आणि हॉब्सन यांनी डेंड्रास्टरच्या समुद्रतळावरच्या निरीक्षणांचा मोठा लेख छापला.

आपल्याला वाटतं, चकतीसारखा प्राणी म्हणजे वाळूवर आडवा पडून राहत असणार. डेंड्रास्टर बऱ्याचदा तिरपा उभा असतो. पुढची कड वाळूत खुपसलेली, मागची कड वर, पाण्यात. शेकडो प्राणी असे दाटीवाटीने, स्टँडमध्ये लावलेल्या ताटल्यांसारखे उभे दिसतात. 1976 साली पॅट्रिशिया टिम्को यांनी दाखवलं, की या अवस्थेत तो प्रवाहातून येणारं अन्न पकडतो. 1978 साली ओ'नील यांनी या उभं राहण्याचा आणि अन्न पकडण्याचा प्रवाहाच्या भौतिकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. पाणी खवळलं, की प्राणी आडवा होतो किंवा वाळूत शिरतो.

आता उत्केंद्रतेकडे परत या. पुढची बाजू वाळूत गाडलेली आणि श्वासाच्या पाकळ्या मधोमध असतील, तर त्यांतला बराच भाग वाळूखाली जाईल. फूल मागे सरकलेलं असेल, तर पाकळ्या पाण्यात राहतात. म्हणजे एशशोल्झ यांना 1831 साली जे नुसतं ओळखीचं चिन्ह वाटलं, त्याचा प्राण्याच्या उभं राहण्याशी आणि श्वास घेण्याशी संबंध आहे. आणि उभं राहणं अवलंबून आहे पाण्याच्या हालचालीवर. आकार आणि जागा यांना जोडणारा दुवा इथे मिळतो.

जाता जाता याच काळातली एक गंमत सांगते. 1973 साली फू-शियांग चिया यांनी 'सायन्स'मध्ये छोटा लेख लिहिला. डेंड्रास्टरची लहान पिल्लं वाळूतले जड कण निवडून गिळतात आणि पोटात साठवून ठेवतात. लाटांनी वाहून जाऊ नये म्हणून कमरेला बांधलेलं वजनच म्हणा. पिल्लू मोठं झालं की ही गरज उरत नाही. पाण्याच्या हालचालीशी या प्राण्याचं आयुष्य किती बांधलेलं आहे, ते यावरून कळतं.

अडचणीचंच साधन

1979 साली स्टँटन, डॉड आणि अलेक्झांडर या तिघांनी 'लेथाया' नियतकालिकात लेख लिहिला आणि प्रश्न पूर्ण उलटा फिरवला. उत्केंद्रता परिसरानुसार बदलते ना? मग जीवाश्मांची उत्केंद्रता मोजून तेव्हाचा परिसर सांगता येईल का? त्यांनी हे लावून बघितलं ते केटलमन हिल्सच्या प्लायोसीन डेंड्रास्टरला. जिथे एके काळी हे प्राणी थरांचे विभाग ओळखण्यासाठी गोळा झाले, त्याच टेकड्या.

1956 साली जी वर्गीकरणातली अडचण होती, ती तेवीस वर्षांनी पुराणपरिसर वाचण्याचं साधन झाली. माप तेच, प्राणी तोच, टेकडीही तीच. फक्त त्या मापाला विचारलेला प्रश्न वेगळा.

यात एक सापळा मात्र आहे आणि मुलाखतीत परीक्षक तो हमखास विचारतील. आजच्या डेंड्रास्टरवरून कालच्या डेंड्रास्टरचा परिसर सांगायचा, तर तेव्हाही आकार आणि जागेचं नातं हेच होतं, असं आपण गृहीत धरतो. ते तपासायचं कसं? डेंड्रास्टरकडूनच नाही. त्यासाठी वेगळा, स्वतंत्र पुरावा लागतो. स्टँटन आणि डॉड यांनी 1970 सालीच केटलमन हिल्समधला प्राचीन परिसर दोन वाटांनी शोधून बघितला होता. एक वाट तिथल्या जीवसमूहाची, दुसरी कवचांच्या रसायनाची, आणि मग दोन्हींची तुलना. अशी पार्श्वभूमी तयार असली, तर तिसरी वाट म्हणून उत्केंद्रता वापरताना तिची उलटतपासणी करता येते.

आणखी दोन सावधगिरी. वाढीबरोबर शरीराची प्रमाणं बदलू शकतात, म्हणून एका ठिकाणची लहान पिल्लं आणि दुसऱ्या ठिकाणचे म्हातारे यांची तुलना करून चालत नाही. डेंड्रास्टरच्या कवचातल्या तुकड्यांवर वाढीची वलयं दिसतात, त्यांवरून वयाचा अंदाज घेता येतो. दुसरं म्हणजे आज किनाऱ्यावर गोळा केलेला जिवंत समूह हा एका वेळचा असतो. जीवाश्मांच्या थरात मात्र अनेक पिढ्यांची कवचं मिसळलेली असू शकतात, आणि लाटांनी इकडची तिकडे आणलेलीही. दोन्ही 'नमुने' म्हटले तरी ते एकाच प्रकारचे नमुने नाहीत.

एक गाठ तर अजून विचार करण्यासारखी आहे. जागेनुसार आकार बदलतो, तो प्रत्येक प्राण्यात वाढताना बदलतो, की त्या त्या जागी त्या आकाराचेच प्राणी टिकून राहतात आणि तो गुण पुढच्या पिढीला मिळतो? मोजमापातून संबंध दिसतो, कारण दिसत नाही. कारण शोधायला एका ठिकाणची पिल्लं दुसऱ्या ठिकाणी वाढवून बघावी लागतात किंवा जनुकांकडे जावं लागतं. संबंध आणि कारण यांतला हा फरक प्रस्तावात स्पष्ट लिहा.

जनुकांनी या गटाला मोठे धक्केही दिले आहेत. 2018 साली निकोलस मोंगिआर्दिनो कोख आणि सहकाऱ्यांनी जनुकीय माहितीवरून सी अर्चिनांची वंशावळ मांडली. सँड डॉलर आणि त्यांच्यासारखेच दिसणारे फुगीर 'सी बिस्किट' हे सख्खे भाऊ असा समज होता. ही वंशावळ म्हणते तसं नाही. 2022 साली त्यांच्याच गटाने काळाचा हिशोब मांडला, त्यात सँड डॉलरांचा उगम क्रिटेशियस काळापर्यंत मागे गेला. एवढे जुने त्यांचे जीवाश्म मात्र मिळालेले नाहीत. म्हणजे एवढे टणक, एवढे मुबलक जीवाश्म असलेल्या गटातही खडकांची नोंद अपुरी ठरू शकते. आकारावर विसंबून नातं ठरवण्याचा प्रश्न 1956 साली जातीच्या पातळीवर होता, तोच आता मोठ्या गटांच्या पातळीवर आला आहे.

आपल्या किनाऱ्यापुरतं

हे सगळं कॅलिफोर्नियाचं झालं. आपल्याकडे काय? सी अर्चिनांचे जीवाश्म आपल्याला परके नाहीत. बाँबे इंजिनियर्समधल्या कॅप्टन ग्रँट यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा आणि त्यावरचं टिपण तयार केलं, ते 1840 साली लंडनमध्ये छापलं गेलं, आणि सोबतच्या जीवाश्मांची वर्णनं सोवर्बी यांनी केली. 1880 च्या दशकात डंकन आणि स्लेडन यांनी 'पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका'त सिंध, कच्छ आणि काठियावाडातल्या जीवाश्म सी अर्चिनांची मोठी कामं छापली. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे हीसुद्धा निवडक नमुन्यांवरची वर्णनं.

हिंद महासागरात आज राहणारा एक सँड डॉलर म्हणजे एकिनोडिस्कस. लेस्के यांनी 1778 साली त्याच्या दोन जाती नोंदवल्या. एकीच्या मागच्या भागात दोन बंद भोकं, दुसरीच्या मागच्या कडेला दोन उघड्या खाचा. 2014 साली स्तारा आणि सांचू यांनी खाचा असलेल्या जातीसाठी वेगळी प्रजातीच केली. म्हणजे लेस्केनंतर सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ गेला, तरी 'कोणता फरक किती महत्त्वाचा' हा वाद जिवंत आहे. कच्छ-काठियावाडच्या जीवाश्मांवर काम करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आधी आजच्या किनाऱ्यावरचा समूह मोजावा. कॅलिफोर्नियात तेच आधी करायचं राहिलं होतं.

प्रस्ताव लिहिताना

शेवटी कामाचं. तुमच्या विषयातले जुने ग्रंथ आणि लेख घ्या आणि त्यात लेखक कशाची तक्रार करतात ते एका वहीत लिहून काढा. 'हा गुण फार बदलता आहे', 'नमुन्यांत एकसारखेपणा नाही', 'सीमारेषा ठरवणं कठीण' अशी वाक्यं. ती बहुतेकदा पानाच्या तळाशी नाहीतर शेवटच्या परिच्छेदात असतात. मग प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहा. हा बदल मोजता येईल का? तो कशाबरोबर बदलतो? आणि ते तपासायला ज्याच्यावर शंका आहे त्याच्याबाहेरचा पुरावा कुठून आणता येईल? तिन्हींना तुमच्या विद्यापीठातल्या साधनांनी हात घालता येत असेल, तर ते एक पान तुमच्या मार्गदर्शकांना दाखवा. पहिल्या चर्चेला तेवढं पुरतं.